12 महिने कैद, 6 महिने टाळे: कोनाते विरुद्ध बुर्किना फासो

29 ऑक्टोबर 2012 रोजी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशाची राजधानी वागादुगूच्या न्यायालयाने एका साप्ताहिकाच्या संपादकाला शिक्षा सुनावली. 12 महिने तुरुंगवास. 15 लाख सीएफए फ्रँक दंड. ज्या सरकारी वकिलांची बदनामी झाली म्हणून खटला उभा राहिला होता, त्यांना 45 लाख फ्रँक नुकसानभरपाई. वर कोर्टखर्चाचे अडीच लाख. आणि साप्ताहिक 6 महिने बंद.

संपादकाचे नाव लोहे इसा कोनाते. साप्ताहिकाचे नाव 'लूरागाँ', म्हणजे फ्रेंचमध्ये चक्रीवादळ. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीच्या अंकांत त्यांनी तीन लेख छापले होते. एका लेखात बनावट नोटांच्या प्रकरणात सरकारी वकील, तीन पोलीस अधिकारी आणि बँकेतला एक अधिकारी यांचे हात गुंतल्याचा आरोप होता. बाकीच्या लेखांत त्याच सरकारी वकिलांनी न्याय नाकारल्याची तक्रार होती. भाषा जहाल होती, मथळे तर फारच. तीन आरोप ठेवले गेले: अब्रुनुकसानी, जाहीर अपमान आणि न्यायाधिकाऱ्याचा अवमान. हा तिसरा आरोप कुठून आला, असे वाटेल. फ्रेंच पद्धतीत सरकारी वकील न्यायसंस्थेचाच भाग मानला जातो. कुणावर खटला भरायचा आणि कुणाचे प्रकरण बासनात ठेवायचे, हे त्याच्या हाती असते. म्हणजे ज्याच्या हातात खटल्यांची किल्ली, त्याच्यावरच लिहिले म्हणून हा खटला झाला.

लेखांतले आरोप खरे होते की खोटे, हे मला ठाऊक नाही, आणि या अभ्यासात मी त्यात शिरणारही नाही. ते खोटे होते असे क्षणभर धरून चालू. मग वाचकाला एकच गोष्ट विचारायची आहे: चुकीच्या लेखासाठी माणसाला वर्षभर कोठडीत ठेवणे आणि त्याचे वर्तमानपत्र बंद पाडणे, हे चालेल का? आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयाने नेमके हेच तपासले. म्हणून हा निकाल केवळ कोनातेंपुरता राहिला नाही.

आधी आकड्यांकडे नीट पाहू. दंड, भरपाई आणि खर्च मिळून साडेबासष्ट लाख फ्रँक होतात. हा फ्रँक युरोला ठरावीक दराने बांधलेला आहे, त्या हिशेबाने ही रक्कम सुमारे साडेनऊ हजार युरो. एका छोट्या साप्ताहिकाच्या संपादकाने ती भरायची कशातून? वर्तमानपत्राच्या विक्रीतून आणि जाहिरातींतून. पण वर्तमानपत्र सहा महिने बंद, आणि संपादक बारा महिने आत. कमाईचे एकुलते साधन न्यायालयाने स्वतःच काढून घेतले आणि मग पैसे मागितले. सहा महिने न निघालेल्या साप्ताहिकाचे पुढे काय होते, हे छापखान्याचा उंबरा ओलांडलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. विक्रेते दुसरा अंक लावू लागतात, जाहिरातदार निघून जातात, हाताखालची माणसे दुसरीकडे काम बघतात. बंदी कागदावर सहा महिन्यांची असली, तरी वर्तमानपत्राच्या लेखी ती बहुधा कायमचीच असते.

10 मे 2013 रोजी अपील न्यायालयाने शिक्षा कायम केली.

त्याआधीचे बुर्किना फासो

हे प्रकरण ज्या देशात घडले, तिथल्या पत्रकारांच्या मनात एक तारीख कोरलेली आहे: 13 डिसेंबर 1998. त्या दिवशी सापुई गावाजवळ रस्त्यावर एक जळालेली गाडी सापडली. आत 'लँदेपाँदाँ' साप्ताहिकाचे संपादक नॉर्बर झोंगो आणि त्यांच्यासोबतचे तिघे मृतावस्थेत होते. राष्ट्राध्यक्ष ब्लेझ कोम्पाओरे यांच्या भावाच्या चालकाचा कोठडीत मृत्यू झाला होता आणि झोंगो त्याचा पाठपुरावा करत होते. रस्त्यावर उद्रेक झाला, चौकशी आयोग बसला, पण 2006 मध्ये न्यायालयीन तपास बंद करण्यात आला.

28 मार्च 2014 रोजी आफ्रिकन न्यायालयाने झोंगो प्रकरणात सरकारला दोषी धरले: मारेकरी शोधून त्यांना शिक्षा देण्यासाठी राज्याने जी कसोशी करायला हवी होती, ती केली नाही. म्हणजे एकाच न्यायालयासमोर एकाच देशाच्या पत्रकारांची दोन प्रकरणे एकाच काळात चालू होती. एकात मारेकऱ्यांना शिक्षा नाही, दुसऱ्यात संपादकाला वर्षभर तुरुंग. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की त्या राज्यात कायदा कुणावर किती वेगाने चालत होता, ते दिसते. कोनातेंवरचा खटला लेख छापल्यापासून तीन महिन्यांच्या आत निकाली निघाला होता.

दार ठोठावण्याआधीच्या हरकती

कोनातेंचा अर्ज जून 2013 मध्ये टांझानियातील अरुशा येथे, आफ्रिकन मानवी व जनहक्क न्यायालयात दाखल झाला. तिथे एखादा नागरिक थेट जाऊ शकतो ते केवळ त्याच्या देशाने तसे वेगळे घोषणापत्र दिले असेल तर. आफ्रिकेतल्या फार थोड्या देशांनी ते दिले आहे. बुर्किना फासोने मात्र जुलै 1998 मध्येच दिले होते, न्यायालय प्रत्यक्ष उभे राहण्याच्या कितीतरी आधी. हे एक घोषणापत्र नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

सरकारने सुरुवातीलाच हरकती घेतल्या. त्यातली एक मला पुन्हा पुन्हा आठवते. सरकारचे म्हणणे असे की अर्जदार मुळात पत्रकारच नाही, त्याच्याकडे पत्रकाराचे ओळखपत्र नाही आणि त्याच्या साप्ताहिकाने कायदेशीर सोपस्कार पूर्ण केलेले नाहीत. न्यायालयाने हे ऐकून घेतले नाही. तुमच्याच न्यायालयांनी या माणसाला साप्ताहिकात छापलेल्या मजकुरासाठी शिक्षा दिली, ते साप्ताहिक बंद ठेवण्याचा हुकूमही दिला. मग आता तो पत्रकार नाही असे कसे म्हणता? शिक्षा देताना पत्रकार आणि संरक्षण मागताना अनोळखी इसम, ही पळवाट इथे बुजवली गेली. कार्ड हे सोयीसाठी असते. हक्क काम करणाऱ्याचा असतो, कार्डाचा नसतो.

दुसरी हरकत नेहमीची: देशातले सगळे उपाय संपवून आलात का? सर्वोच्च अपील न्यायालयाकडे का गेला नाहीत? न्यायालयाने त्या उपायाचा खरा उपयोग काय, ते पाहिले. कोनातेंची तक्रार निव्वळ निकालाविरुद्ध नव्हती, कायद्याविरुद्धच होती. तो कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार त्या अपील न्यायालयाला नव्हता. तो घटना परिषदेला होता, आणि तिच्याकडे सामान्य नागरिक जाऊ शकत नव्हता. जो उपाय रोगावर लागूच पडत नाही, तो आधी घेऊन या असे म्हणता येणार नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा अर्थ.

अंतरिम आदेशाच्या टप्प्यावर मात्र कोनातेंच्या पदरी निराशा आली. ऑक्टोबर 2013 मध्ये न्यायालयाने तातडीच्या सुटकेला नकार दिला, कारण त्याने मुख्य प्रश्नाचाच आधी निकाल लागला असता. तुरुंगात औषधोपचार मिळतील एवढे पाहा, असे राज्याला सांगितले. तोवर त्यांची शिक्षा जवळजवळ भोगून झाली होती. खटला ते जिंकले, पण तुरुंगातला एकही दिवस त्यांना परत मिळाला नाही. अशा निकालांचे कौतुक करताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

तीन प्रश्न

निकाल आला 5 डिसेंबर 2014 रोजी. त्याच्या पाच आठवडे आधी, 31 ऑक्टोबरला, कोम्पाओरेंची 27 वर्षांची सत्ता जनतेच्या उठावाने संपली होती. निकाल ऐकायला वागादुगूत वेगळेच सरकार बसले होते.

न्यायालयासमोर तीन दस्तऐवज होते: आफ्रिकन मानवी व जनहक्क सनदेचे कलम 9, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम 19 (दोन्ही अभिव्यक्ती स्वातंत्र्याची), आणि पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाच्या, म्हणजे इकोवासच्या, सुधारित तहाचे कलम 66, ज्यात पत्रकारांच्या हक्कांचा आदर राखण्याचे बंधन आहे. अभिव्यक्तीवर बंधन घालणारा कोणताही कायदा या कसोटीवर उतरायचा तर त्याला तीन प्रश्नांना उत्तर द्यावे लागते. बंधन कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे का? त्यामागचा हेतू मान्य करण्याजोगा आहे का? आणि त्या हेतूसाठी एवढे बंधन खरोखर लागतेच का?

पहिल्या दोन प्रश्नांत सरकार जिंकले, आणि तेही सहज. 1993 च्या माहिती संहितेची कलमे आणि दंडसंहितेचे कलम 178 पुरेसे स्पष्ट होते. काय छापले तर काय होईल, हे कुणालाही वाचून समजले असते. हेतूही बरोबर होता. माणसाची अब्रू जपणे हे राज्याचे कामच आहे, मग तो सरकारी वकील का असेना. पुष्कळ ठिकाणी चर्चा इथेच थांबते. कायदा लोकनियुक्त सभेने केला आहे, त्यात अब्रूचे रक्षण आहे, मग तक्रार कशाची? या युक्तिवादाने कितीतरी संपादक आत गेले आहेत.

सगळा खटला तिसऱ्या प्रश्नावर फिरला. आणि इथे न्यायालयाने सिद्ध करण्याचा भार राज्याच्या खांद्यावर ठेवला. तुरुंग का लागला, ते कोनातेंनी सांगायचे नाही, तुम्ही सांगा. दंड करून, भरपाई देऊन, खुलासा छापायला लावून भागले नसते का? सार्वजनिक पदावरच्या माणसाने खासगी माणसापेक्षा जास्त टीका सोसायची असते, त्याचे काय? राज्याकडे याला उत्तर नव्हते. म्हणून अब्रुनुकसानीसाठी तुरुंगाची शिक्षा कायद्यात असणे हाच सनदेचा आणि कराराचा भंग, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. कोनातेंना झालेली कैद हा भंग. साप्ताहिकाची बंदी हाही भंग. दंड आणि भरपाईची रक्कम, कमाई बंद झालेल्या माणसाच्या मानाने, तीही अवाजवी.

कैदेला न्यायालयाने थोडी जागा ठेवली. आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांना चिथावणी, द्वेष, भेदभाव किंवा हिंसेची जाहीर चिथावणी, अशा अत्यंत अपवादात्मक प्रसंगी ती चालू शकेल. हे शब्द नवे नव्हते. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने 2004 मध्ये रुमानियाच्या दोन पत्रकारांच्या प्रकरणात जवळपास हीच रेघ ओढली होती. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने कलम 19 वरच्या भाष्यात तर अब्रुनुकसानीसाठी तुरुंगवास ही कधीच योग्य शिक्षा नव्हे, असे लिहून ठेवले होते. आणि आफ्रिकन मानवी व जनहक्क आयोगाने 2010 च्या ठरावात देशांना फौजदारी अब्रुनुकसानीचे कायदे रद्द करण्याचे आवाहन केले होते. सगळे आधीच लिहिलेले होते. आफ्रिकन न्यायालयाचा या विषयावरचा बंधनकारक निकाल मात्र हा पहिला.

अशा निकालांवर नेहमी ऐकू येते की ही बाहेरून आणलेली मूल्ये आहेत. मला हे पटत नाही. बाहेरून आली होती ती शिक्षा. बुर्किना फासो ही फ्रान्सची वसाहत होती, 1960 पर्यंत. तिथल्या वृत्तपत्र कायद्याची घडण फ्रान्सच्या 1881 च्या कायद्यावर झाली. खुद्द फ्रान्सने जून 2000 मध्ये, वंश-धर्मावरून केलेल्या बदनामीसारखे अपवाद सोडता, अब्रुनुकसानीची कैद काढून टाकली. घडवणाऱ्याने हत्यार टाकून दिले, तरी वागादुगूत ते वापरात होते. ते अरुशातल्या आफ्रिकन न्यायाधीशांनी आफ्रिकेच्याच सनदेवर बोट ठेवून काढायला लावले.

सहा विरुद्ध चार

एका मुद्द्यावर न्यायाधीशांत फूट पडली. कैद नको, हे सगळ्यांना मान्य. पण अब्रुनुकसानी गुन्हा म्हणून दंडसंहितेत राहिली, फक्त शिक्षा दंडाची ठेवली, तर? सहा न्यायाधीशांनी म्हटले, चालेल. चौघांनी म्हटले, नाही. हा विषय गुन्हेगारीचा नाहीच, तो दिवाणी न्यायालयाचा आहे.

मी त्या चौघांच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण तत्त्वाचे कमी, व्यवहाराचे जास्त आहे. फौजदारी खटला म्हटले की पोलीस आले, समन्स आले, अटकेची धास्ती आली. शेवटी दंडच झाला तरी माणसाच्या नावापुढे 'शिक्षा झालेला' हे लागते. दिवाणी दाव्यात ज्याची अब्रू गेली तो स्वतः पुढे येतो, स्वतःचा खर्च करतो, नुकसान काय झाले ते दाखवतो. फौजदारीत सरकारी यंत्रणा त्याच्या वतीने धावते. बदनामी झालेला माणूस स्वतःच त्या यंत्रणेत बसलेला असेल, तर तराजू आधीच झुकलेला असतो, आणि कोनातेंच्या प्रकरणात नेमके तेच होते. दिवाणी दाव्यांनीही छोटे वर्तमानपत्र पिळून काढता येते, हे खरे. म्हणूनच निकालात रकमेच्या प्रमाणाबद्दल जे म्हटले आहे, ते कैदेबद्दलच्या वाक्यांइतकेच मोलाचे आहे.

न्यायालयाने राज्याला सांगितले: दोन वर्षांच्या आत कायदा दुरुस्त करा, अब्रुनुकसानीतून तुरुंग काढा, आणि उरलेल्या शिक्षाही गरजेच्या आणि प्रमाणाच्या कसोटीत बसवा. 3 जून 2016 रोजी भरपाईचा स्वतंत्र निकाल झाला. बुडालेल्या कमाईपोटी अडीच कोटी फ्रँक, मनस्तापापोटी कोनाते आणि त्यांच्या कुटुंबाला एक कोटी, आणि नोंदीतून शिक्षा पुसून टाकण्याचा आदेश. वर्षभर संपादक घरी नसेल तर घर कशावर चालते, हा प्रश्न एका आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पैशाच्या आकड्यात मोजला. मला ते योग्य वाटते.

कायदा बदलला

आणि राज्याने ऐकले. सप्टेंबर 2015 मध्ये संक्रमणकाळातल्या विधिमंडळाने छापील, ऑनलाइन आणि प्रसारण माध्यमांसाठी तीन नवे कायदे केले आणि वृत्तपत्रीय गुन्ह्यांसाठीची कैद काढली. न्यायालयाचे निकाल पूर्णपणे पाळणारा देश म्हणून बुर्किना फासोचे नाव पुढे घेतले गेले, तेही असे निकाल सर्रास धाब्यावर बसवले जाणाऱ्या खंडात.

पण कैद काढताना दंड चढवला. सुरुवातीला तो 10 ते 50 लाख फ्रँक होता. पत्रकारांनी आवाज उठवल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो 5 ते 30 लाखांवर आणला. कोनातेंचा दंड 15 लाख होता. न्यायालयाने तो भरपाईसह एकत्र पाहून अवाजवी ठरवला होता, आणि नव्या कायद्याची कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट! निकालाचे पहिले वाक्य पाळले गेले, दुसरे निम्मेच. कायदा करणाऱ्यांना तुरुंग दिसतो, कारण तो डोळ्यांसमोर असतो. पैशाने गळा आवळणे लगेच दिसत नाही.

निकालाचे पडसाद बाहेरही उमटले. फेब्रुवारी 2017 मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने आपल्या दंडसंहितेतले फौजदारी अब्रुनुकसानीचे कलम 194 घटनाबाह्य ठरवले, आणि मे 2018 मध्ये लेसोथोच्या घटनापीठाने तेच केले. दोन्ही ठिकाणी पाऊल कोनाते निकालाच्या पुढे पडले. त्या चार न्यायाधीशांचे म्हणणे असे दुसऱ्या देशांत बहुमताचे झाले.

न पाहिलेले दार

आता या प्रकरणाचा जो भाग लोक सहसा सांगत नाहीत, तो.

15 जानेवारी 2016 रोजी वागादुगूत एका हॉटेलवर आणि समोरच्या कॅफेवर हल्ला झाला. 30 माणसे मारली गेली. त्यानंतर देशाच्या उत्तरेत आणि पूर्वेत गावेच्या गावे सशस्त्र गटांच्या हल्ल्यांत होरपळू लागली. धोका खोटा नव्हता, हे आधी मान्य करायला हवे. 21 जून 2019 रोजी संसदेने दंडसंहितेत दुरुस्ती केली. लष्करी कारवाईला बाधा येईल अशी माहिती प्रसिद्ध करणे, सैन्याचे मनोधैर्य खचेल असे काही पसरवणे, यांसाठी 10 वर्षांपर्यंत कैद. चार वर्षांपूर्वी जो तुरुंग वृत्तपत्र कायद्यातून काढला होता, तो दंडसंहितेतून परत आला, दहापट मोठा होऊन.

या कायद्याला तेच तीन प्रश्न विचारून पाहा. हेतू मान्य आहे. सैनिकांच्या हालचाली छापून त्यांचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क कुणालाच नाही. पण 'मनोधैर्य खचवणे' म्हणजे काय? कोनातेंच्या वेळी पहिला प्रश्न सरकारने जिंकला होता, कारण कलमे स्पष्ट होती. इथे पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. पत्रकाराने बातमी लिहिण्याआधी ती गुन्हा आहे की नाही हे कळायला हवे, आणि या शब्दांवरून ते कळत नाही.

इनाताचे उदाहरण घ्या. उत्तरेकडे सोन्याच्या खाणीजवळ इनाता नावाचे निमलष्करी दलाचे ठाणे होते. 12 नोव्हेंबर 2021 रोजी तिथल्या प्रमुखाने वर संदेश पाठवला: दोन आठवड्यांपासून शिधा संपला आहे, जवान आसपास फिरणारी जनावरे मारून पोट भरत आहेत. दोन दिवसांनी, 14 नोव्हेंबरला पहाटे ठाण्यावर हल्ला झाला आणि 50 हून अधिक माणसे ठार झाली, त्यात बहुतेक जवान होते. संदेश नंतर बाहेर फुटला आणि देश संतापाने पेटला.

समजा, तो संदेश 13 तारखेला एखाद्या संपादकाच्या टेबलावर आला असता. छापला असता तर? सैन्याचे मनोधैर्य खचवल्याचा गुन्हा. न छापला तर ठाण्यावरचे जवान उपाशी. सैन्यासाठीचा पैसा कुठे जिरतो आणि शिधा का पोचत नाही, हे विचारणारी बातमी त्या जवानांच्या बाजूची होती. जो कायदा शत्रूला ठाण्याचा नकाशा देणारा आणि राजधानीला ठाण्याची भूक सांगणारा यांना एकाच कलमात कोंबतो, तो सैनिकांचेही रक्षण करत नाही. आंतरराष्ट्रीय मानदंडांतली 'आवश्यकता' हा शब्द वकिली किचकटपणा वाटतो, पण या दोन माणसांत फरक करणे एवढेच त्याचे काम आहे.

माझ्या मते कोनाते निकालातून घ्यायचे ते हेच. तो 'अब्रुनुकसानीचा निकाल' म्हणून फायलीत लावला गेला, आणि म्हणून तो अब्रुनुकसानीच्या कलमांपुरताच पाळला गेला. त्यातली कसोटी मात्र पत्रकाराला हात लावणाऱ्या प्रत्येक कायद्याला लागू आहे: दंडसंहिता, दहशतवादविरोधी कायदा, आणीबाणीचे हुकूम, करवसुलीसुद्धा. मसुदा वाचताना 'हा वृत्तपत्र कायदा आहे का' हा प्रश्न गैरलागू आहे. पत्रकाराच्या कामावर तो कुठे येऊन आदळेल, ते पाहावे लागते.

आणीबाणीत अभिव्यक्तीचा हक्क काही काळ आखडता येतो, हे आंतरराष्ट्रीय करारालाही मान्य आहे. तिथेही अट आहे: परिस्थितीला काटेकोरपणे लागेल तेवढेच. म्हणजे संकट आले म्हणून तिसरा प्रश्न रजेवर जात नाही.

2022 मध्ये बुर्किना फासोत दोनदा लष्करी उठाव झाला, जानेवारीत आणि सप्टेंबरमध्ये. डिसेंबरात आरएफआय या फ्रेंच रेडिओचे प्रसारण बंद झाले, मार्च 2023 मध्ये फ्रान्स 24 वाहिनीचे, आणि एप्रिलमध्ये दोन फ्रेंच दैनिकांच्या प्रतिनिधींना देशाबाहेर काढण्यात आले. त्याच महिन्यात सर्वसाधारण सैन्यभरतीचा हुकूम निघाला, ज्याखाली नागरिकांना सक्तीने आघाडीवर पाठवता येते. 2024 मध्ये अनेक पत्रकार बेपत्ता झाले. काहींना लष्करी सेवेत घेतल्याचे अधिकाऱ्यांनी नंतर मान्य केले. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या यादीत हा देश 2019 मध्ये 36 व्या स्थानी होता, 2025 मध्ये 105 व्या.

29 जानेवारी 2025 रोजी बुर्किना फासो इकोवासमधून बाहेर पडला. ज्या तीन दस्तऐवजांवर कोनाते निकाल उभा होता, त्यातला एक त्या दिवशी गळाला. आफ्रिकन सनद आणि आंतरराष्ट्रीय करार अजून बंधनकारक आहेत. न्यायालयाचे यजमानपद ज्या टांझानियाकडे आहे, त्याने नागरिकांना थेट दार उघडणारे आपले घोषणापत्र 2019 मध्येच मागे घेतले.

21 मार्च 2025 रोजी बुर्किनाच्या पत्रकार संघटनेचे अधिवेशन झाले. अध्यक्ष गेझुमा सानोगो तिथे वृत्तपत्रांच्या गळचेपीविरुद्ध जाहीरपणे बोलले. तीन दिवसांनी त्यांना आणि उपाध्यक्ष बुकारी उओबा यांना साध्या वेशातले लोक घेऊन गेले, आणि संघटना अस्तित्वातच नसल्याचे सरकारने जाहीर केले. एप्रिलच्या सुरुवातीला एक चित्रफीत बाहेर आली, त्यात ते दोघे लष्करी गणवेशात होते. जुलैमध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला गेला नव्हता. 2015 च्या कायद्याला कुणी हातही लावला नव्हता. पत्रकाराला त्या कायद्याखाली तुरुंगात टाकता येत नाही, हे आजही खरे आहे.